लोककला हवी, पण मनाने, नावाने आणि मोलाने

ही स्मरणिका तीन प्रकारच्या वाचकांच्या हाती पडेल. काही येथे शिकून गेलेले, काहींची मुले आज येथे शिकत असलेली आणि काही या शाळेकडे समाजाची ठेव म्हणून पाहणारे. या सर्वांपुढे आम्ही काही माजी विद्यार्थी, ज्यांतील अनेक जण आता पालकही आहोत, एका प्रश्नावर आपले मत मांडत आहोत. शाळेने या स्मरणवर्षात एक पूर्ण दिवस खानदेशच्या लोकसंस्कृतीसाठी राखून ठेवावा, अशी सूचना पालकांच्या बैठकीत पुढे आली आहे. सकाळी वाद्ये आणि गाणी, दुपारी खानदेशी भोजन, दिवसभर कारागिरांची मांडणी आणि संध्याकाळी जलसा, असे तिचे स्वरूप. सूचनेचे स्वागत झाले, तसा तिला विरोधही झाला. विरोधाचा सूर एका ज्येष्ठ पालकांनी थोडक्यात सांगितला: ज्या डफड्यापासून आमच्या बापाने हात सोडवून घेतला, ते नातवाच्या हाती कशासाठी द्यायचे?

या प्रश्नाला बगल देऊन लोकोत्सव साजरा करणे आम्हांला मान्य नाही. मात्र हा प्रश्न पुरता समजून घेतला, तर लोकोत्सव करूच नये असा निष्कर्षही त्यातून निघत नाही. तो कसा करावा, याचे उत्तर त्या प्रश्नातच दडलेले आहे.

प्रथम विरोधाची बाजू पाहू. आजच्या विद्यार्थ्याला डफडे हे एक वाद्य वाटते. लाकडी वा लोखंडी कड्यावर ताणून बसवलेले कातडे, ते शेकोटीवर तापवून चढवलेला आवाज, एका हातात आखूड जाड टिपरी आणि दुसऱ्या हातात लवचीक बारीक काडी. परंतु त्याच्या पणजोबांसाठी ते गावकीचे काम होते. दवंडी पिटायची, मयताची खबर परगावी न्यायची, मेलेले ढोर ओढायचे, पाटलाच्या दारी सण असला की वाजवत उभे राहायचे. महार, मांग आणि अन्य जातींच्या वाट्याला आलेली ही कामे कोणी आवडीने पत्करलेली नव्हती. त्यांना नकार दिला, तर खळ्यावरचे बलुते बंद होई, वाट बंद होई, कित्येकदा पाणीही बंद होई. अशा वेळी वाजणाऱ्या डफड्यात ताल असेल, कौशल्यही असेल. परंतु वाजवणाऱ्याची इच्छा नव्हती.

मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेली ढोरे ओढणे आणि त्यांचे मांस खाणे सोडण्याचे आवाहन केले. १९२८ साली त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. कनिष्ठ गाववतने कायद्याने रद्द होण्यास पुढे १९५८ साल उजाडले. या तीस वर्षांत गावोगावच्या माणसांनी गावकीची कामे एकेक करून खाली ठेवली आणि त्याची किंमतही मोजली. त्या पिढीने डफडे टाकले, तेव्हा तिने कलेचा अपमान केला नाही. तिने हुकूम मोडला. ज्येष्ठ पालकांच्या प्रश्नामागे हा इतिहास उभा आहे. लोकोत्सवाच्या उत्साहात त्याची आठवण कोणाला नकोशी वाटत असेल, तर तो उत्सव आपल्या शाळेचा नव्हे.

आता दुसरी बाजू. ज्या काळात गावकीचे डफडे खाली ठेवले गेले, त्याच काळात तोच डफ आणि तीच ढोलकी दुसऱ्या कामासाठी उचलली गेली. सत्यशोधक जलशांची परंपरा महाराष्ट्रात होतीच. १९३० च्या दशकात नाशिककडच्या भीमराव कर्डकांसारख्या मंडळींनी आंबेडकरी जलसे उभे केले. गण, गवळण आणि वग हा तमाशाचा साचा त्यांना परका नव्हता. साच्याची ताकद त्यांनी ठेवली आणि आशय पालटला. शिक्षण, स्वच्छता, व्यसनमुक्ती, वतनाची गुलामगिरी, सत्याग्रह हे विषय रात्रीच्या मशालीच्या उजेडात अक्षरशत्रू श्रोत्यांपर्यंत पोहोचले. पुढे सिन्नर तालुक्यातील देशवंडीत १९२२ साली जन्मलेले वामनदादा कर्डक आयुष्यभर गावोगाव गात फिरले. आपल्यापैकी कितीजणांच्या घरी बाबासाहेबांचे चरित्र पुस्तकाआधी गाण्यातून आले, याची मोजदाद केली तर आश्चर्य वाटेल.

वाद्य तेच आणि हातही त्याच घरांतले. परंतु आता वाजवायचे की नाही, कोणासाठी आणि कशासाठी, हे वाजवणारा ठरवत होता. तमिळनाडूतील परै या चर्मवाद्याची कथा अशीच आहे. अंत्ययात्रेत वाजवण्याची सक्ती ज्या समाजावर होती, त्याच समाजातील कलावंतांनी ते वाद्य स्वाभिमानाचे चिन्ह म्हणून मंचावर आणले. २०२५ साली परैवादक वेलू आसान यांना पद्मश्री जाहीर झाली. तेव्हा डफड्याविषयीचा आमचा पहिला निकष असा: ते मनाने हाती घेतलेले असावे. ज्याला शिकायचे आहे त्याने शिकावे. ज्याला नको आहे त्याच्या नकारालाही तितकाच मान असावा.

यातून व्यवहाराची एक गोष्ट निघते आणि ती आम्हांला फार महत्त्वाची वाटते. आपल्या शाळेत बौद्ध मुले आहेत, तशी भिल्ल, पावरा, कोकणी, तडवी आणि इतर समाजांचीही आहेत. शाळांच्या कार्यक्रमांत सहज घडते ते असे, की पावरा मुलाला ढोल, कोकणी मुलाला पावरी, बौद्ध मुलाला डफ आणि वर्गात हुशार समजल्या जाणाऱ्या मुलाला सूत्रसंचालन दिले जाते. वाटप करणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. तरी जन्मावरून काम वाटण्याची जुनी रीत मागच्या दाराने आत येते. ढोल शिकण्याची इच्छा असलेल्या प्रत्येक मुलाला ढोल मिळावा, मुलींनाही मिळावा आणि पावरा मुलाला सूत्रसंचालन करावेसे वाटले, तर ते त्याने आपल्या बोलीत करावे.

जातीने काम ठरवले म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले आहे. ऑक्टोबर १९२९ मध्ये बाबासाहेब धुळ्याचे काम आटोपून परतताना चाळीसगावला उतरले. तेथील महारवाड्याने त्यांना मुक्कामाचा आग्रह केला. पाहुण्याला पायी नेणे योजकांना प्रशस्त वाटले नाही. पण अस्पृश्य प्रवाशाला घेऊन टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. अखेर टांगा तेवढा मिळवला आणि ज्याने कधी टांगा हाकला नव्हता, असा वस्तीतलाच एक जण पुढे बसला. नदीवरच्या मोरीपाशी अपघात झाला, बाबासाहेब दगडावर आपटले आणि त्यांचा पाय मोडला. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. ज्याला टांगा हाकता येत होता त्याने जातीमुळे नकार दिला. जो तयार होता त्याला ते कौशल्य शिकण्याची संधीच मिळालेली नव्हती. एकीकडे काही कामे काही माणसांवर लादलेली आणि दुसरीकडे काही कामे त्यांना बंद. लोककलेच्या दिवशी मुलांना हा प्रसंग सांगितला पाहिजे, कारण कोणतेही कौशल्य कोणाच्या रक्तात नसते, ते शिकावे लागते, हे त्यातून कळते.

लोकसंस्कृती म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे फार जुने, काळाच्या पडद्याआड चाललेले काही तरी येते. आम्हांला हे मान्य नाही. धुळ्याजवळ लळिंगच्या डोंगरात लांडोर बंगला आहे. न्यायालयीन कामासाठी धुळ्यास आलेले बाबासाहेब ३१ जुलै १९३७ रोजी तेथे मुक्कामी होते. त्या दिवसाच्या स्मरणार्थ दरवर्षी ३१ जुलैला तेथे भीमस्मृती यात्रा भरते. पावसाळ्यात हिरवा झालेला डोंगर, चढणीवर लहान मुलांना खांद्यावर घेतलेले बाप, शिदोरी बांधून आणलेल्या आया, गाण्यांचे आवाज आणि पुस्तकांची दुकाने. ही यात्रा कोण्या प्राचीन देवतेची नाही आणि तिच्यामागे कोणते माहात्म्य नाही. एका माणसाच्या एका मुक्कामाची आठवण लोकांनी धरली आणि तिच्याभोवती गाणे, प्रवास व सहभोजन उभे केले. लोकसंस्कृती अशी घडते. ती केवळ वारशाने येत नाही. लोक ती आपल्या गरजेप्रमाणे निर्माणही करतात. आपल्या शाळेच्या लोकोत्सवात लळिंगच्या यात्रेचे दालन असलेच पाहिजे.

उलट उदाहरण सातपुड्याच्या पायथ्याचे. चोपडा, यावल, शिरपूर या भागांत होळीच्या आधीच्या आठवड्यात भोंगऱ्या बाजार भरतात. होळीसाठी लागणारे डाळ्या, गूळ, हार-कंगन, कपडे घेण्यासाठी पाड्यापाड्यांतून लोक येतात. मोठाले ढोल घुमतात, बासरी वाजते, नाच होतो. बाहेरून आलेल्या लेखकांनी आणि छायाचित्रकारांनी या बाजाराला जोडीदार निवडण्याचा, पळून जाण्याचा उत्सव म्हणून वर्षानुवर्षे रंगवले. आदिवासी समाजातील शिकलेल्या तरुणांनी आणि जाणत्यांनी त्यावर वारंवार आक्षेप घेतला आहे. तो होळीचा बाजार आहे, एवढेच त्यांचे म्हणणे. पाहणाऱ्याने पाहिले ते खरे आणि जगणाऱ्याने सांगितले ते बाजूला, असा हा प्रकार. म्हणून आमच्या शाळेत भोंगऱ्याविषयी बोलायचे असेल, तर चोपड्याच्या वा शिरपूरच्या पाड्यावरून आलेल्या विद्यार्थ्याने आणि त्याच्या पालकांनी बोलावे. शिक्षकांनी त्या वेळी श्रोत्यांत बसावे.

दुसरा निकष नावाचा. चाळीसगावच्या दक्षिणेला सातमाळ्याच्या डोंगरात पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत. तेथे सापडलेली एका बुटक्या, हसऱ्या यक्षाची मूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्या यक्षाच्या हातावर ब्राह्मी अक्षरांत कोरले आहे, की ही मूर्ती कण्हदास नावाच्या सुवर्णकाराने केली. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा हा लेख. ज्या राजाच्या काळात लेणे खोदले त्याचे नाव सामान्य वाचकाला सांगता येणार नाही. पण दागिने घडवता घडवता दगडाला हात घालणाऱ्या कण्हदासाचे नाव आपल्याला ठाऊक आहे. पितळखोऱ्याच्या भिक्षुसंघाने कारागिराचे नाव पुसले नाही. बौद्ध परंपरा सांगणाऱ्या शाळेला याहून चांगला वस्तुपाठ कोणता हवा?

आता आजचे समारंभ पाहावेत. फलकावर उद्घाटकांचे, अध्यक्षांचे, प्रमुख पाहुण्यांचे आणि देणगीदारांचे नाव छायाचित्रासह असते. वाजवणाऱ्यांसाठी ‘लोककला पथक’ एवढे दोन शब्द पुरतात. पाहुणे येईपर्यंत पथक प्रवेशद्वारापाशी उन्हात उभे राहते, पाहुणे आले की वाजवते, पाहुणे मंचावर बसले की त्याला थांबायला सांगितले जाते आणि पंगतीत ते शेवटी बसते. पाटलाच्या दारातले डफडे आणि हे डफडे यांत फरक कोणता, असे त्या ज्येष्ठ पालकांनी विचारले, तर आमच्यापाशी उत्तर नसेल. म्हणून आमची विनंती स्पष्ट आहे. आपल्या शाळेच्या दारात स्वागतासाठी कोणीही वाजवू नये. वाद्यवृंद मंचावर असावा, पाहुणे श्रोत्यांत असावेत आणि प्रत्येक कलावंताचे पूर्ण नाव, गाव आणि तो कोणाकडून शिकला हे कार्यक्रमपत्रिकेत छापलेले असावे.

नाव नोंदवल्याने काय वाचते, हे खानदेशाला वेगळे सांगायला नको. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. घरोट्यावर, शेतात, चुलीपुढे त्यांच्या तोंडून ओव्या निघत. त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी आणि आप्तांनी त्या टिपून ठेवल्या, आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह १९५२ साली त्या प्रसिद्ध झाल्या, तेव्हा बहिणाबाई जाऊन एक वर्ष होत आले होते. आज त्यांच्या नावाने विद्यापीठ आहे. जळगावात त्यांच्या नावाने महोत्सव भरतो, तेथे बचत गटांच्या महिला पदार्थ आणि वस्तू मांडतात. हे सारे घडले ते कोणी तरी वेळेवर वही काढली म्हणून. आखाजीच्या झोक्यावरची गाणी, जात्यावरच्या ओव्या, बाबासाहेबांवरची अहिराणी गाणी आजही कित्येक आज्यांच्या ओठांवर आहेत. आपल्या वसतिगृहातील मुलांनी सुट्टीत घरी जाताना एक वही न्यावी आणि गाण्याखाली गाणारीचे नाव लिहून आणावे. लोकोत्सवाची खरी तयारी ती असेल.

येथे धम्माच्या दृष्टीने एक शंका घेतली जाते, तिचाही विचार करू. कानबाईचा उत्सव, आखाजीची गौराई, डोंगऱ्या देव यांची गाणी दैवतांशी जोडलेली आहेत. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाच्या शाळेत ती कशी चालतील? आमचे मत असे, की शाळेच्या मंचावर कोणत्याही देवतेची स्थापना, पूजा वा आरती होऊ नये आणि कोणत्याही मुलाला हात जोडायला सांगितले जाऊ नये. परंतु सासरी गेलेल्या मुलीने माहेराची वाट पाहत गायलेले गाणे ऐकून समजून घेणे म्हणजे पूजा नव्हे. दुसऱ्या समाजाच्या मुलाचे गाणे टवाळीने ऐकणे हाही धम्म नव्हे. धम्माला कला वर्ज्य नाही. जळगावपासून जवळच असलेल्या अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात महाजनक जातकाच्या चित्रात नर्तकी आहे, तिच्याभोवती वादक आहेत. मात्र उपोसथाच्या दिवशी अष्टशील पाळणारे उपासक-उपासिका नृत्य-गायन-वादनापासून दूर राहतात. त्यामुळे लोकोत्सवाचा दिवस पौर्णिमेचा नसावा, इतके भान आयोजकांनी ठेवावे.

तिसरा निकष मोलाचा. कारागिरांच्या मांडणीत काय असावे, याची यादी सहज होईल. बांबूच्या टोपल्या आणि सुपे, शिंदीच्या केरसुण्या, अंबाडीचे दोर, मातीची खापरे, हातशिलाईच्या गोधड्या, घोंगड्या. या वस्तूंकडे पाहून ‘किती सुंदर’ म्हणणारे आणि लगेच ‘किती कमी कराल’ विचारणारे आपणच असतो. दुकानातल्या प्लास्टिकच्या बादलीची छापील किंमत आपण निमूट देतो आणि टोपलीसमोर मात्र घासाघीस करतो. यामागे एक जुनी सवय आहे: ज्या हातांना पैशाऐवजी पसाभर धान्य मिळे, त्यांच्या श्रमाची किंमत असते हेच आपण मान्य केलेले नाही.

आपली शाळा येथे एक साधे काम करू शकते. सातवी-आठवीच्या मुलांनी प्रत्येक कारागिराजवळ बसून विचारावे: बांबू कितीला आणला, कोठून आणला, चिरायला किती वेळ लागला, विणायला किती, एका दिवसात किती टोपल्या होतात? मग त्या दिवसाच्या मजुरीने गुणाकार करून टोपलीची किंमत काढावी आणि ती पाटीवर लिहावी. गणिताचा हा तास मुले विसरणार नाहीत. त्या पाटीवरच्या किमतीत कोणी घासाघीस करू नये, एवढा नियम पालकांनी आणि पाहुण्यांनी पाळावा. सम्यक आजीविका हा शब्द प्रार्थनेत आपण नेहमी ऐकतो. त्याचा अर्थ त्या पाटीवर दिसेल.

कलावंतांच्या बाबतीतही तेच. त्यांना शाल, नारळ आणि टाळ्या देऊन परत पाठवू नये. ठरलेले मानधन, जाण्या-येण्याचा खर्च आणि बुडालेल्या दिवसाची मजुरी कार्यक्रमापूर्वी ठरवून द्यावी. आणखी एक गोष्ट त्यांना द्यावी, तिला खर्च काहीच नाही. राज्य शासनाची वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांसाठी मासिक मानधनाची योजना आहे. तिच्यासाठी अर्ज करताना कलेची सेवा केल्याचे पुरावे जोडावे लागतात. आयुष्यभर वहीगायन वा जलसा केलेल्या माणसापाशी एकही कागद नसतो, कारण त्याला कोणी कागद दिलेलाच नसतो. शाळेने प्रत्येक कलावंताला त्याचे नाव, कला आणि दिनांक लिहिलेले, मुख्याध्यापकांच्या सहीचे प्रमाणपत्र द्यावे. अर्ज भरून देण्यासाठी दोन माजी विद्यार्थी दिवसभर एका टेबलाशी बसतील, ही जबाबदारी आम्ही घेत आहोत.

राहिला प्रश्न भोजनाचा. खानदेशी जेवण म्हटले की शेवभाजी आणि वांग्याचे भरीत सर्वांना आठवते. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. फिकट हिरवी, मोठाली वांगी पऱ्हाट्यांच्या वा तुराट्यांच्या जाळावर भाजायची, साल काढून लाकडी बडगीत ठेचायची, त्यात भाजलेल्या हिरव्या मिरच्या, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे घालायचे आणि सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी किंवा पुरी. हे सर्व असावेच. परंतु थाळी येथेच संपू नये. दादरची भाकरी, ज्वारीचे बिबडे, सातपुड्यातल्या मोर आणि भादीसारख्या भरडधान्यांचा भात, पावसाळा असेल तर रानभाज्या आणि त्यांची माहिती सांगणाऱ्या आया, यांना त्यात जागा असावी.

अन्नाच्याही मागे इतिहास असतो. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातील महार-मांग समाजाच्या खाद्यसंस्कृतीची नोंद केली. असे पुस्तक लिहावे लागले, कारण पाककृतींच्या पुस्तकांत त्या चुलींना जागाच नव्हती. आपल्या आज्यांनी टंचाईत काय रांधले, वाळवून काय साठवले आणि महाडच्या हाकेनंतर काय निर्धाराने सोडले, हे मुलांनी विचारावे आणि आज्यांनी संकोच न करता सांगावे. जे सोडले ते पुन्हा शिजवण्याची गरज नाही. ते का खावे लागले आणि का सोडले, हे कळण्याची गरज आहे. कळण्याची भाकरी आज हॉटेलांत पाहुणचाराचा पदार्थ झाली आहे. काल जिला कोंड्या-मांड्याची म्हणून हिणवले, तिचे मोल आज ताटात वाढले. ती थापणाऱ्या बाईचे मोल वाढले का, हेही विचारले पाहिजे. म्हणून त्या दिवशी शाळेच्या स्वयंपाकघरातील मावश्यांनी पहिल्या पंगतीत बसावे आणि आम्ही माजी विद्यार्थ्यांनी वाढावे. कलावंत, कारागीर, पालक, विद्यार्थी आणि पाहुणे यांची पंगत एकच असावी.

त्या ज्येष्ठ पालकांना आमचे उत्तर असे आहे. दादा, तुमच्या वडिलांनी डफडे खाली ठेवले म्हणून तुमच्या नातवाला आज ते उचलायचे की नाही, हे ठरवता येते. ते स्वातंत्र्य आम्ही उधळणार नाही. त्याने उचलले तर ते त्याच्या मनाने, त्याच्या नावाने आणि योग्य मोलाने असेल. आणि नाही उचलले, तर तो पेटी शिकेल, कविता लिहील किंवा श्रोत्यांत बसेल. मंचावर तो वाजवेल तेव्हा आधी तुमच्या वडिलांनी ते का टाकले, हे तुम्हीच त्याला सर्वांसमोर सांगावे, अशी आमची तुम्हांला विनंती आहे. कार्यक्रमाची सुरुवात त्या दहा मिनिटांनी व्हावी.

माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना शेवटी एकच आवाहन. आपल्या गावात, वस्तीत, पाड्यावर आजही गाणारी, वाजवणारी, विणणारी, घडवणारी जी माणसे आहेत, त्यांची नावे एका कागदावर लिहून शाळेकडे पाठवावीत. नावापुढे त्यांची कला, त्यांचे वय, ती शिकवण्याची त्यांची इच्छा आहे का आणि किती मानधन त्यांना योग्य वाटते, हे त्यांनाच विचारून लिहावे. ज्यांनी एके काळी ही कला सोडली आणि आता तिच्याकडे परत जायचे नाही असे ठरवले आहे, त्यांचीही नावे पाठवावीत. त्यांना आपण वाजवायला नाही, बोलायला बोलावणार आहोत.